काळी चार

२० फेब्रुवारी, गुरुवार

अन् मी बसून काहून वाजवतो म्हणान, त गुडघ्यामुळं नाही. गुडघे माझे ठणठणीत आहेत. खापरखेड्याच्या प्लांटात सारी जिंदगी लोखंडी जिने चढलो-उतरलो, अजूनबी चढतो. कोणी विचारलं नाही मले, पण लोकायच्या तोंडावर दिसते— 'देवाजी थकला गा आता, खुर्ची लागते त्याले.' थकला नाही. पोरानं बसवला.

पोरगं म्हणजे संघपाल. की-बोर्ड वाजवते, आमची गाण्याची पार्टीबी तोच चालवते आता. म्हणे, "बाबा, तुमी मोठ्या स्पीकरच्या मांगं बसत जा. आईले तुमचा डावा हात दिसला नाही पाहिजे."

बेस गिटार वाजवणाऱ्याचा हात लपवायचा! असं कुठं ऐकलं नव्हतं.

झालं असं. माघ पौर्णिमेच्या कार्यक्रमात अंजनाचा आवाज वर जाऊन फाटला. अंजना म्हणजे माझी बायको, पार्टीची मेन गायिका. लग्न झालं तेव्हापासून ती काळी चारमध्ये गाते. काळी चार म्हणजे पेटीवरची चौथी काळी पट्टी, तिथं तिचा सा. तिच्या वयाच्या बाया सगळ्या खाली उतरल्या. ही नाही उतरली. कामठीपासून मौद्यापर्यंत लोक तिले 'काळी चारवाली अंजनाबाई' म्हणते. अन् ते तिले आवडते. नाही म्हणते, पण आवडते.

तर आवाज फाटला. लोकायले काही समजलं नाही, ढोलकी जोरात होती. पुढच्या गाण्याले संघपालनं की-बोर्डचं ट्रान्सपोजचं बटन दाबलं. एक दाबलं की सारं अर्धा सूर खाली. त्याची बोटं त्याच पट्ट्यायवर, आवाज मात्र खालचा. अंजनाले पत्ता नाही. गळा मोकळा झाला, खूश झाली. कोणालेच समजत नाही ते— सगळे संगंसंगं उतरले त कोणाच्या बापाले समजते?

पण माझ्या बेसले बटन नाही. मले बोटच सरकवा लागते. दांडीवर पांढरे ठिपके आहेत. काळी चार म्हणजे माझं बोट दोन ठिपक्यायच्या मधात. अर्धा सूर उतरलं की सीधं ठिपक्यावर. अन् ही बाई दरेक गाण्याच्या आधी माझं बोट पाहते! की-बोर्डवर तिचा भरोसाच नाही. म्हणते, मशीन आहे ते, काही बी बोलन. सूर ती माझ्या खर्जातून घेते अन् नजर माझ्या बोटावर.

म्हणून खुर्ची. म्हणून स्पीकरच्या मांगं.

संघपाल म्हणे, "जयंतीपर्यंत बाबा. मंग सांगू." जयंतीले मोहल्ल्याची कमिटी तिचा सत्कार करून राहिली. शाल देणार आहे. चौदा एप्रिलले, नागपुरात, शाल!

२२ फेब्रुवारी

सकाळी मिठाच्या पाण्याच्या गुळण्या करून राहिली. मंग म्हणाली, पेटी काढा, जरा बसते. पेटी संघपालनं दुरुस्तीले टाकली. खराब नव्हती. पेटीले बटन नसते, म्हणून टाकली.

"कधी येईन पेटी?"
"येईन आई. भात्याचं काम आहे."
"भात्याले काय धाड भरली?"

पोट्टा खाली मान घालून मोबाइल पाहून राहिला.

२ मार्च, रविवार

कामठीचा कार्यक्रम. छावणीच्या बाजूले, एका विहाराच्या मैदानात. पब्लिक चांगली होती. मी स्पीकरच्या मांगं, चोरासारखा.

तिसऱ्या गाण्यानंतर अंजना पाणी प्याले माझ्याकडंच आली. बाटली माझ्या पायाशी ठेवली होती. कोणत्या बह्याडानं ठेवली? मीच. तोंडाले बाटली, अन् नजर माझ्या हातावर.

"तुमचं बोट ठिपक्यावर कसं काय?"

म्हटलं, "घाम आला. घसरलं."

"इतक्या वर्षांत घसरलं नाही, अन् आज घसरलं?" हसली. "म्हातारे झाले हो तुमी."

अन् गेली माइकवर. मी बाटली उचलून दुसरीकडं ठेवली.

परत येताना छोट्या हत्ती टेम्पोत सामानावर बसलो होतो सगळे. ती समोर ड्रायव्हरजवळ. मांगं वळून म्हणे, "आज वरचा सा कसा लागला! लोण्यासारखा. मुलेठी चघळली, तिनं काम केलं."

एकटी पायल बोलली, आमची सून— "आई, तरी एकदा डॉक्टरले दाखवू." पायल कोरसमध्ये गाते. गळा चांगला आहे तिचा. चांगलाच आहे, तेच भांडणाचं मूळ आहे.

अंजना म्हणे, "काहून? मुलेठी महाग झाली का?"

३ मार्च

विक्कीनं अक्कल काढली. विक्की माझ्या भावाचं पोरगं, ऑक्टोपॅड वाजवते, तोंड हातापेक्षा जास्त चालते त्याचं. म्हणे, "काका, बोट काहून सरकवता? तारच उतरवा ना! चारही तारा अर्धा-अर्धा सूर ढिल्या करा. बोट जागच्या जागी, आवाज खालचा. तुमचंबी ट्रान्सपोज झालं!"

पहिल्यांदा पोट्टा कामाचं बोलला.

खुंट्या पिळल्या. बोट पुन्हा दोन ठिपक्यायच्या मधात. आता खुर्ची नको. समोर उभा राहीन.

पण एक सांगतो. चोरी करायचं हत्यार पहिल्या दिवशी हातात घेतलं की कसं वाटत असन, तसं वाटलं. काम सोपं झालं अन् मन खराब.

९ मार्च, रविवार

कमिटीचे लोक आले होते घरी. चार जण, चहा प्यायले, फोटो मागतला. बॅनरवर टाकायचा आहे म्हणे. अंजना म्हणे, जुना देऊ का नवा? म्हटलं, कोणताबी दे वं, शाल तर एकच मिळणार. कमिटीवाले हसले. ती नाही हसली. आत जाऊन फोटो आणला, पदर नीट केलेला.

एक जण म्हणे, "बाई, काळी चार पाहिजे बरं त्या दिवशी! आमच्या बाबानं ऐकलेली, आमालेबी ऐकायची आहे."

"मंग? दुसरं काय ऐकवणार?" अंजना म्हणे.

मी चहाचा कप उचलून आत गेलो. कप भरलेलाच होता.

१५ मार्च

काल रंग झाले. आज जंग.

जेवताना अंजनाले ठसका लागला. पाणी दिलं तरी जाईना. चेहरा लाल. पायल उठून पाठीवर हात फिरवाले गेली, त हात झटकला.

पायल म्हणे, "आई, महिना झाला. आवाज बसलेला आहे तुमचा. बोलतानाबी बसलेला आहे. घशाच्या डॉक्टरकडं चला, मी येते संगं."

"बोलताना बसला असन. गाताना नाही ना बसत? कामठीले ऐकला नाहीस का?"

पायलनं संघपालकडं पाहिलं. संघपालनं भाजीकडं.

"तुले माहीत आहे मले काय वाटते?" अंजना म्हणे. "तुले माझा माइक पाहिजे. जयंतीच्या आधी मले दवाखान्यात घालायचं, अन् समोर तू उभी राहायचं. साफ बोल ना."

"घ्या ना तुमीच माइक! दहा वर्षं घ्या! पण एकदा दाखवा त!"

"बस," मी म्हटलं. "दोघी बी बस. गळा बसला त मीठ-पाणी. दवाखान्याचा बाऊ नको."

पायल माझ्याकडं पाहून राहिली. ते पाहणं मले आवडलं नाही. उठलो, हात धुतले.

१६ मार्च

पायलनं आज चहा दिला, पण बोलली नाही. बरं आहे. घर शांत आहे.

२३ मार्च, रविवार

मौदा. थर्मल प्लांटच्या कॉलनीजवळ. जातानाच अंजना चूप होती. दोनदा खाकरली, खिडकीतून थुंकली, पदरानं तोंड पुसलं.

पहिल्याच गाण्यात उतरवलेल्या पट्टीतबी आवाज फाटला. साफ फाटला, जसं जुनं लुगडं फाटते. समोरच्या बाया एकमेकीकडं पाहून राहिल्या. संघपालनं गाणं संपवाच्या आधीच माझ्याकडं पाहिलं. मले समजलं. आणखी एक.

विक्कीनं मधातच ऑक्टोपॅडचा लांब तुकडा वाजवला, लोकायले वाटलं खास आयटम आहे. त्याच्या आडोशाले मी खुंट्या पिळल्या. आता पूर्ण सूर खाली. अंजनाच्या मनात काळी चार, खरी काळी तीन.

तारा इतक्या ढिल्या झाल्या की दांडीवर आपटू लागल्या. खर्र खर्र. विक्की कानात म्हणे, "काका, तारा नाही ह्या, कपडे वाळू घालायची दोरी झाली." मी त्याले कोपरानं मारलं.

बोट मात्र बरोबर जागी. अंजनानं पाहिलं, मान हलवली, अन् गायली. चांगली गायली.

उतरल्यावर म्हणे, "पहिल्या गाण्यात कफ अडकला होता. निघाला."

निघाला म्हणे! खोट्याले खोटं जोडून आमी तिचा कफ काढला.

हे जास्त दिवस चालणार नाही. आणखी एक सूर उतरवला त बेस नाही, विक्कीची दोरीच राहीन हातात. पण जयंती आहे, अन् त्याच्यानंतर सांगायचंच आहे. संघपाल म्हणे, "बाबा, धीर धरा. सत्कार होऊ द्या. तिचा तेवढा तरी होऊ द्या."

२८ मार्च

पायल मी अंगणात बसलो तिथं आली. उभीच राहिली. म्हणे, "बाबा, एक विचारते. आई डॉक्टरकडं काहून नाही जात माहीत आहे?"

"काहून?"

"कारण तिले वाटते गाताना आवाज बरोबर आहे. अन् ते तिले तुमी वाटवून राहिले. तुमी अन् तुमचा पोरगा. बटन दाबता, खुंट्या पिळता. तिले खरी पट्टी लागू द्या एकदा. स्वतःच घाबरन, स्वतःच जाईन दवाखान्यात."

मी म्हटलं, "तू काल आली या घरात. मले शिकवू नको."

"नऊ वर्षं झाली, बाबा."

"मंग नऊ वर्षं चूप होती तशीच राह्य."

असं नव्हतं बोलाले पाहिजे. पण बोललो. तिच्या बोलण्यात दम होता, म्हणूनच जास्त जोरात बोललो. मले तसंच येते. लोखंडाच्या आवाजात काम केलं, हळू बोलणं शिकलोच नाही.

गेली ती. पायरीवर पाय आपटत नाही गेली. त्याचंच वाईट वाटलं.

५ एप्रिल, शनिवार

आज मरता मरता वाचलो.

अंजना कोणाले न सांगता पेटीवाल्याकडं निघाली. शेजारच्या जयाले संगं घेतलं, ऑटो केला. संघपालले तिच्या जाण्याचं समजलं तेव्हा त्याच्या तोंडाचा रंग गेला. पेटीवाल्याले फोन लावला, "काका, माझी आई येऊन राहिली, पेटी तयार नाही म्हणा, काही बी सांगा, पण पेटी देऊ नका."

पेटी तयार होऊन केव्हाची तिथं पडून आहे. म्हणजे खराब नव्हतीच त तयार काय होणार!

परत आली तशीच, रिकामी. ऊन डोक्यावर, पदर कपाळावर. म्हणे, "भात्याले उंदरानं खाल्लं म्हणते. त्याच्या दुकानात! माझी माहेरची पेटी!"

डोळ्यात पाणी होतं. पेटीसाठी होतं का गळ्यासाठी, मले माहीत नाही. मी म्हटलं, "नवी घेऊ." ती म्हणे, "नवीत माझा सूर नाही." अन् हे बोलताना तिचा आवाज असा आला, जसं कोणी दुसऱ्या खोलीतून बोलते.

मी उठून कूलरमध्ये पाणी टाकलं. दुसरं काय करू?

८ एप्रिल

बॅनर लागले. चौकात अंजनाचा फोटो, खाली 'काळी चारची सम्राज्ञी'. विक्की म्हणे, "काकू, आता तुमच्या संगं सेल्फीले तिकीट लागन." ती हसली अन् ठसका लागला.

सम्राज्ञी! दीडशहाणे.

१३ एप्रिल

उद्या. संघपाल सारखं बटन तपासून राहिला. मी खुंट्या. जेवण गेलं नाही.

१५ एप्रिल, मंगळवार

लिहितो. एकदा लिहून टाकतो.

कालचा कार्यक्रम आपल्याच मोहल्ल्यात, इंदोऱ्यात. पाय ठेवाले जागा नव्हती. वंदना झाली, भाषणं झाली, सत्कार झाला. शाल घातली तिच्या अंगावर, घामानं चिंब झाली, तरी काढली नाही. दोन गाणी झाली. दोन्ही काळी तीनमध्ये, बोट काळी चारवर. लोक टाळ्या वाजवून राहिले. मले वाटलं, निभलं.

तिसऱ्या गाण्याच्या आधी लाइट गेली.

काही मोठं नाही. उन्हाळा आहे, जाते लाइट. जनरेटर सुरू झाला, दोन मिनिटं बी नाही लागली. लोकायनं मोबाइल वर धरले, मजा आली त्यायले. की-बोर्ड बंद होऊन पुन्हा सुरू झालं. अन् बंद होऊन सुरू झालं की ट्रान्सपोज पुसून जाते. आपलं आपलं असली जागेवर येते. हे संघपालले माहीत आहे. विक्कीले माहीत आहे. मले माहीत आहे. गडबडीत एकाच्याबी ध्यानात नाही आलं.

संघपालनं सुरुवातीचा तुकडा उचलला. असली काळी चार. मी खर्ज लावला. काळी तीन.

काय आवाज आला तो! दोन वरातीचे बँड एकाच गल्लीत घुसावे तसा. विक्कीचा हात थांबला. समोरचे पोट्टे हसले.

अंजना वळली. तिले वाटलं मी चुकलो. बोट पाहिलं. बोट बरोबर, दोन ठिपक्यायच्या मधात. पुन्हा पाहिलं. मंग नजर बोटावरून तारेवर आली. तार अजून हलून राहिली होती, ढिली, लोंबल्यासारखी.

ती माइक घेऊन माझ्याजवळ आली. सगळ्या लोकायसमोर. अंगठ्यानं जाडी तार एकदा ओढली. ऐकली. तोंडातल्या तोंडात सा लावला. काळी तीन.

माइक बाजूले धरला. "कोणाकोणाले माहीत आहे?"

संघपाल पट्ट्यायकडं पाहून राहिला, विक्की चपलेकडं. मांगून पायल बोलली, "सगळ्यायले, आई."

अंजनानं एक मिनिट मान खाली घातली. मले वाटलं पडते आता. पडली नाही. माइक तोंडाशी घेतला अन् लोकायले म्हणे, "माफ करा हो, तार उतरली होती. आता पट्टी लावून घेतो." अन् संघपालले हात वर करून तीन बोटं दाखवली. सगळ्यायले दिसतील अशी. काळी तीन.

त्यानं बटन दाबलं.

गायली. आपल्या मर्जीनं पहिल्यांदा काळी तीनमध्ये गायली. शेवटच्या कडव्यात तोबी आवाज गेला. एकदम गेला, लाइटसारखा. तोंड हलून राहिलं, आवाज नाही. मांगून पायलनं ओळ उचलली, पुढं नाही आली, मांगूनच गायली. अंजनानं तिले हाताले धरून समोर ओढलं, माइक दिला, अन् स्टेजवरून उतरली. शाल खुर्चीवर राहिली.

घरी आलो तेव्हा भिंतीकडं तोंड करून झोपली होती. झोपली नव्हती.

१६ एप्रिल

बोलत नाही.

१७ एप्रिल

बोलत नाही. संघपालनं पेटी आणून ठेवली समोर. तिनं कपडा झाकला.

१८ एप्रिल, शुक्रवार

आज बोलली. मी चहा नेऊन दिला, त म्हणे, "अक्कल कोणाची होती?"

संघपालची होती, विक्कीची होती. म्हटलं, "माझी."

"खोटं नका बोलू. तुमाले एवढी अक्कल नाही."

बसलो मी. मंग म्हणे, "लोकायसमोर लाज गेली, त्याचं काही नाही. लोक विसरते. पण तुमचं बोट पाहून मी सूर घेत होती हो. बोटबी खोटं बोललं."

मी चहाचा कप तिच्याकडं सरकवला.

दुपारी तिनं पायलले हाक मारली. मोठ्यानं आवाज निघत नाही, नुसती टाळी वाजवली. म्हणे, "चल, कुठं न्यायचं ते ने." पायलनं चप्पल घातली. मी उठलो, त म्हणे, "तुमी नका येऊ."

नाही गेलो. बेस काढला अन् चारही तारा चढवल्या, असली जागेवर. तिसरी तुटली. हातावर फटका बसला. बरं झालं.

संध्याकाळी पायल सांगून राहिली— डॉक्टरनं नाकातून नळी टाकून पाहिलं. गाठ आहे. तुकडा काढून तपासाले पाठवणार. मोठ्या दवाखान्यात जा म्हणे.

मी म्हटलं, "पायल, त्या दिवशी अंगणात—"

"राहू द्या बाबा. जेवून घ्या."

२३ एप्रिल

तुकडा काढला. रिपोर्टले वेळ आहे. विक्की आला, एक जोक बी मारला नाही. तेव्हा मले खरी भीती वाटली.

२६ एप्रिल

झोप नाही. एकच गोष्ट फिरते डोक्यात. मौद्याले नसत्या पिळल्या खुंट्या. कामठीलेच नसतं सरकवलं बोट. पायल म्हणाली तेव्हा तरी. माघ पौर्णिमेले फाटला होता आवाज, त्याच हप्त्यात गेलो असतो. डॉक्टर विचारन, कधीपासून. तिले वाटते जयंतीपासून. खरं मले माहीत आहे. मी सांगणार. तिच्यासमोर सांगणार. मंग जे होईन ते होईन.

संघपालले म्हटलं, तू नको येऊ, मीच सांगतो. तो रडला. एवढा मोठा पोट्टा, दाराले टेकून रडला.

२९ एप्रिल, मंगळवार

रिपोर्ट आला. कॅन्सर. व्हॉइस बॉक्स काढून टाका लागन.

आज मले संगं येऊ दिलं. डॉक्टरीणबाईनं विचारलं, "आवाजाचा त्रास कधीपासून?" मी उभा राहिलो. म्हटलं, "मॅडम, माघ पौर्णिमेपासून. आमी तिच्यापासून लपवलं. चूक माझी आहे, लिहून घ्या."

अंजनानं माझा हात धरून मले खाली बसवलं. आवाज नव्हताच जवळजवळ, पण शब्द साफ.

"ह्यांचं नका ऐकू. दसऱ्यापासून. थुंकीतून रक्त जाते."

मी म्हटलं, "काय?"

माझ्याकडं पाहिलं नाही. "सांगतलं असतं त जयंतीले गाऊ दिलं असतं का तुमी?"

पायलच्या हातातली फाइल खाली पडली.

घरी आलो. संघपाल विचारून राहिला, विक्की विचारून राहिला, शेजारची जया दारात उभी. कोणाले काही सांगतलं नाही. मले काय वाटते ते इथंबी नाही सांगत. बस झालं.